काजळीचा कागद

गेल्या महिन्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज बाईंचा होता. त्यांनी आधी माझं नाव विचारून खात्री करून घेतली, मग मी पूर्वी धरणावरच्या भूकंपमापन केंद्रात होतो का, असं विचारलं. मी सावध झालो. हल्ली फोनवरून म्हाताऱ्या माणसांना गंडवतात. "आपल्याला कोण पाहिजे?" एवढंच मी म्हणालो. त्यांनी त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि मी हातातला कप खाली ठेवला.

"बाबा म्हणतात, त्या दिवशीचा कागद तुमच्याकडंच आहे. आहे का, सर?"

"कोणता कागद?" मी म्हणालो. "बत्तीस-तेहतीस वर्षं झाली त्याला."

कोणता कागद हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याची वर्षं सांगत नाही. हे माझ्या लक्षात फोन ठेवल्यावर आलं. त्यांच्या लक्षात तेव्हाच आलं असावं, कारण कागदाबद्दल त्यांनी परत विचारलं नाही. मग म्हणाल्या, "पेपरात तुमच्या भाषणाची बातमी आली होती. बाबांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. तुम्ही जिथं 'नाही' म्हणालात ना, तिथं त्यांनी मला थांबवलं. परत वाच म्हणाले."

भाषण आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर झालं होतं. हिंगोलीकडे हादरे बसले, आमच्या सिडकोतही काही घरांत भांडी वाजली, तेव्हा मंडळी मला म्हणाली की तुम्ही त्याच खात्यात होता, आपल्या देशात कुठं कुठं मोठे भूकंप झाले ते जरा सांगा. मी सांगितलं. आसाम, कांगडा, बिहार, कोयना, किल्लारी, जबलपूर, कच्छ. निवृत्तीनंतर मी एका जाड वहीत हे सगळं उतरवत आलो आहे, त्यामुळे पाठच होतं. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "किल्लारीच्या आधी तुमच्या यंत्रावर काही आलं नव्हतं का हो?" मी म्हणालो, "नाही." पुढच्या रांगेत एक वार्ताहर बसला होता, त्यानं ते छापलं.

"सर, बाबा अठ्ठ्याहत्तरचे झालेत," त्या बाई म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत असंही सांगितलं. "त्यांना दुसरं काही नको. ते असेपर्यंत गावातल्या माणसांना कळावं की त्यांनी यंत्राच्या सुईला हात लावला नव्हता. गावात त्यांना अजून भूकंप्या म्हणतात."

मी म्हणालो, बघतो, आणि फोन ठेवला. लगेच मनात आलं, त्यांनी हे बोलणं रेकॉर्ड केलं असेल का? मागं वकील असेल का? माझी पेन्शन थांबवतील का? त्या दोन दिवसांत मी बायकोशी नीट बोललो नाही. ती म्हणाली, "अहो, कुणाचा फोन होता?" मी म्हणालो, बँकेचा.

कागद माझ्याकडं होता. आहे. लोखंडी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, गुंडाळी करून जुन्या साडीच्या पट्टीनं बांधलेला. तो कसला आहे ते आता सांगितलंच पाहिजे. नावं कुणाची लिहीत नाही, धरणाचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्या काळी आमचं यंत्र काजळीवर चालायचं. ताटाएवढ्या रुंद ढोलावर चकचकीत कागद गुंडाळायचा, तो रॉकेलच्या धुरकट दिव्यावर फिरवत फिरवत काळाकुट्ट करायचा आणि मग ढोल यंत्राला लावायचा. ढोल सावकाश फिरतो, सुई काजळीवर टेकलेली असते, ती काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत राहते. जमीन शांत असली की रेघ सरळ. हलली की सुई हलते. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद उतरवून लाखेच्या पातळ द्रावणात बुडवायचा, म्हणजे काजळी पक्की बसते, आणि दोरीवर वाळत घालायचा. त्याआधी बोट लागलं तर सगळं पुसून जातं. कागदाच्या कडेला तारीख, वेळ, सही, आणि घड्याळ रेडिओच्या ठोक्यांशी जुळवून पाहिल्याची नोंद. भूकंपाच्या कामात वेळ हीच मुख्य गोष्ट. वेळ चुकली की बाकीचं सगळं चुकतं.

यंत्राची खोली निम्मी जमिनीखाली होती. तीन पायऱ्या उतरून जावं लागे. खाली उघडा काळा पाषाण, त्यावर सिमेंटचा खांब, खांबावर जमिनीची हालचाल पकडणारा डबा. नियम असा होता की एकदा कागद चढवला की दुसऱ्या सकाळपर्यंत त्या पायऱ्या कुणी उतरायच्या नाहीत, कारण पावलाचा धक्काही सुई धरते.

केंद्रात आम्ही दोघंच. मी निरीक्षक आणि ते मदतनीस. मी अडतीसचा होतो, ते पंचेचाळीसचे. तरी मी त्यांना "अरे" म्हणायचो आणि ते मला "साहेब". आमचं घराणं करमाडकडचं, शेतीवाडीचं. आमच्याकडं माणसाला कसं हाक मारायची हे वयावर ठरत नव्हतं, आणि कशावर ठरत होतं ते मला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. त्यांच्या टेबलाच्या खणात बुद्धाचा लहानसा फोटो असायचा. त्यांचा सदरा रोज इस्त्रीचा. काजळीचं काम करून सदऱ्यावर एक डाग नाही, हे मला का कुणास ठाऊक, खटकायचं. त्याहून जास्त खटकायची ती त्यांची वही. शाळेच्या दोनशे पानी वहीत ते रोज काहीतरी लिहीत. एकदा मी विचारलं, "काय लिहितोस रे एवढं?"

"काय नाय साहेब. सुईनं काय केलं ते."

"सुईनं काय केलं ते मी लिहितो. तू कशाला?"

"व्हय साहेब," ते म्हणाले आणि वही खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी परत लिहीत बसलेले.

माझ्याबद्दलच लिहितात, अशी माझी खात्री झाली. मी कधी उशिरा येतो, कधी लवकर जातो. ती वही मी एकदा ते जेवायला गेल्यावर चाळली. माझ्याबद्दल एक ओळ नव्हती. नुसत्या वेळा, आणि पुढं "बारीक", "लांब", "म्हशी" असे शब्द. हे वाचून संशय जायला हवा होता. उलट मला वाटलं, दुसरी वही असेल.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या कागदांवर बारीक बारीक टोकं येऊ लागली. रेघ सरळ जाता जाता मध्येच टाचणीएवढी उडायची. शहरातल्या कार्यालयातले आमचे वरिष्ठ म्हणाले, "तुमच्या कागदाला मुंग्या लागल्यात का? असलं काही वर पाठवू नका. खाली काळा पाषाण आहे, इथं भूकंप होत नसतो." तेव्हा आम्ही सगळे हे मनापासून मानायचो. शाळेत तसंच शिकलो, खात्यात तसंच ऐकलं. नकाशावर मराठवाडा सगळ्यात सुरक्षित रंगात होता. म्हणजे सुई हलली तर तिला हलवणारा कुणीतरी माणूस असणार, एवढं सरळ होतं. भूकंप मोजायला बसवलेल्या माणसानं सुई हलली की आधी माणूस शोधायचा. ही चूक आमच्याच खडकावर राहणारे लोक करू जाणोत.

मी मदतनीसांना बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, म्हशी अंग घासतात मागच्या भिंतीला. दुपारची येळ झाली की येतात."

"म्हशी?"

"चार हायेत. एक लई जोरात घासती."

मी हसलो. मागच्या बाजूला जाऊन पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. मला म्हशी नको होत्या, मला ते हवे होते. टोकं दुपारी येतात, दुपारी मी क्वार्टरवर जेवून आडवा होतो, केंद्रावर तेच एकटे. म्हणजे नियम मोडून तेच आत जातात. कशाला? मला खाली बघायला लावायला, किंवा माझी जागा मिळवायला. असं मी धरून बसलो.

मग मी सापळा लावला. घरून रांगोळीचा डबा नेला. बायको म्हणाली, "एवढी रांगोळी? दिवाळीला अजून अवकाश आहे." मी म्हणालो, यंत्राला लागते. सकाळी कागद चढवला की मी उलटा उलटा वर येत तिन्ही पायऱ्यांवर रांगोळी भुरभुरायचो. पावलं उमटली की पुरावा. आठ-दहा दिवस काही उमटलं नाही. टोकं मात्र येतच होती. त्याचा अर्थ काय होतो हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. मला वाटलं, मागच्या खिडकीतून काही करत असतील.

मग तो दिवस आला. माझ्या मेहुण्याचं लग्न ठरलं होतं आणि बस्ता बांधायला शहरात गुलमंडीच्या बाजारात सगळे जमणार होते. रजा घेतली असती तर मिळाली असती, पण रजेच्या दिवशी केंद्र त्यांच्या हाती द्यावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. म्हणून मी सकाळी सातलाच कागद चढवला, रांगोळी भुरभुरली, हजेरीवर सही केली आणि साडेसातची एसटी धरली. घड्याळ जुळवायचे रेडिओचे ठोके आठ वाजता लागायचे. त्या दिवशी रेडिओ लावला गेला नाही.

संध्याकाळी परतलो तर मधल्या पायरीवर पावलं. अनवाणी, स्पष्ट, जाताना आणि येताना. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. ते समोरच उभे होते, हातात वही.

"साहेब, आज सुई लई नाचली. तीन वाजून बारा मिनिटांनी. दाराच्या जाळीतून दिसली."

"आणि तू आत गेलास."

"सुई थांबल्यावर गेलो. नाचत असताना जायचं नाय, हे तुम्हीच शिकवलंय. सुई नीट बसली का, बघितलं."

"आत का गेलास, एवढंच सांग."

"तुम्ही नव्हता, साहेब."

त्यांनी ते अगदी साधेपणानं म्हटलं होतं. मला ती धमकी वाटली. मी नव्हतो हे यांना माहीत आहे, वहीत लिहिलंही असेल.

दुसऱ्या सकाळी मी एकट्यानंच कागद उतरवला, लाखेत बुडवला, वाळत घातला आणि समोर उभा राहिलो. काजळीवर स्वच्छ दिसत होतं. आधी बारीक थरथर, पंचवीस सेकंदांनी मोठी, मग उतरत गेलेली लांब शेपटी. खऱ्या भूकंपाची रेघ अशीच असते. माणसानं यंत्र हलवून ती काढताच येत नाही. शेपटी विरून गेल्यावर काही मिनिटांनी सहा-सात बारीक टोकं, ओळीनं. ती त्यांची पावलं. जमीन आधी हलली, माणूस नंतर आत गेला, हे त्या कागदावर कुणालाही वाचता येईल असं लिहिलेलं होतं. मी पेन्सिल घेऊन कडेला हिशेबही मांडला: पंचवीस सेकंद, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर. ते अक्षर माझं आहे आणि अजून तिथं आहे.

त्याच कडेवर रेडिओची नोंद करायची होती. मी लिहिलं, "स. ८ वा. रेडिओ, घड्याळ बरोबर." आणि सही केली.

आता हा कागद वर पाठवला तर ते सुटत होते. पण कागदाबरोबर चौकशी आली असती: तीन वाजता तुम्ही कुठं होता, आत ते का गेले, वेळ कशावरून? मी कागद गुंडाळला आणि पिशवीत घालून क्वार्टरवर नेला. मग अहवाल लिहिला. मदतनीस नियम मोडून यंत्राच्या खोलीत जातात, पावलांचा पुरावा मिळाला आहे, नोंदी त्यामुळेच बिघडत आहेत.

वरिष्ठ चौकशीला आले. खुर्ची बाहेर सावलीत टाकली होती.

"आत गेला होतास का रे?"

"व्हय साहेब."

"मग संपलं."

"नाय साहेब, संपलं नाय. आधी सुई नाचली. कागद काढा, कागद सांगंल."

वरिष्ठांनी माझ्याकडं पाहिलं. मदतनीस आधीपासून माझ्याकडं पाहत होतेच. मी म्हणालो, "कागद राहिला नाही, साहेब. लाखेत टाकताना काजळी धुऊन गेली. यानंच टाकला होता."

 मदतनीसांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं, दोन्ही बाजूंनी. त्यांच्या हातून आजवर एकही कागद खराब झाला नव्हता आणि हे मला ठाऊक होतं. वरिष्ठांना मात्र हायसं वाटलं. टोकांचं कारण सापडलं होतं. सर्व्हिस बुकात "यंत्रात हस्तक्षेप" असा शेरा पडला आणि त्यांची बदली लांबच्या एका कालव्याच्या दारावर झाली. निरीक्षकाच्या परीक्षेला बसायची त्यांची तयारी चालली होती, हे मला नंतर कळलं. वही त्याच्यासाठी होती. शेऱ्यामुळे ते बसू शकले नाहीत.

बदली होऊन गेल्यावर पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी पाहिली. लातूर-उस्मानाबादकडच्या काही गावांत जमिनीतून आवाज येतात, हादरे बसतात, लोक घाबरून बाहेर झोपतात. मी नकाशा काढून आमच्या केंद्रापासून पट्टीनं अंतर मोजलं. दोनशेच्या आसपास भरलं. नकाशा घडी करून ठेवला. आणि त्याच दुपारी, इतक्या दिवसांनी, केंद्राच्या मागं जाऊन उभा राहिलो. म्हशी आल्या. चौघींतली एक खरंच फार जोरात घासत होती.

पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारी झाली. त्याबद्दल मी काय सांगणार, सगळ्यांना ठाऊक आहे. जाड दगडांच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आमचा एक कागद वेळेवर वर गेला असता तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणत नाही. एका केंद्राच्या एका रेघेवरून उद्याचं कुणाला सांगता येत नाही, आणि त्या गावांना हादरे आमच्या आधीच कळले होते. पण भूकंपानंतर आठवड्याभरात वरून आदेश आला, मागच्या वर्षीचे सगळे कागद काढा. जमिनीनं आधी काही सांगितलं होतं का, हे लोक तेव्हा शोधत होते. मी गठ्ठा दिला. एका दिवसाच्या जागी चिठ्ठी होती: "मदतनीसाच्या चुकीने खराब." ती चिठ्ठी मी काढू शकलो असतो. कागद घरी होता, सायकलवर दहा मिनिटांवर. मी चहा मागवला आणि आलेल्या माणसांना दिला.

त्यानंतर मला भूकंपांबद्दल वाचायचं वेड लागलं. लोकांना वाटतं तो माझा व्यासंग आहे. मी दुसरंच शोधत असायचो. प्रत्येक ठिकाणी जमीन हलल्यावर माणसांनी कुणावर बोट दाखवलं, ते मी आधी वाचायचो. बिहारच्या वेळी लोक भांडले की हे कुणाच्या पापानं झालं. कोयनेच्या वेळी धरणावर बोट गेलं, आणि तिथं ते अगदीच निराधार नव्हतं. किल्लारीनंतर कुणी बोअरवेलला धरलं, कुणी जमिनीखालच्या पाण्याला. वहीत मी ती सगळी उत्तरं उतरवली आहेत. आमच्या केंद्राचं पान त्यात नाही.

तर फोननंतर तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. आधी ठरवलं, झेरॉक्स द्यावी. मग कात्री घेतली, पेन्सिलची कड तेवढी कापून टाकावी म्हणून. कात्री हातात घेतली होती हेही इथं लिहून ठेवतो. बायको दारात उभी होती. तिनं काळा कागद पाहिला, त्याला बांधलेली आपल्या साडीची पट्टी पाहिली. "हा होय बँकेचा फोन," ती म्हणाली आणि कात्री माझ्या हातातून घेऊन शिवणाच्या डब्यात ठेवून आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या रांगोळीसाठी मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी आणखी पैसे दिले होते."

करमाडच्या पुढं त्यांचं गाव आहे. एसटीतून उतरलो तर पारावर चौघं बसले होते. मी पत्ता विचारला. एक जण म्हणाला, "भूकंप्याकडं व्हय? जा सरळ, निळ्या दाराचं घर. हळू चाला मात्र, तिथली जमीन लई हलती." बाकीचे हसले. ते फार सवयीचं हसू होतं. ठिकाण सांगताना चौकाचं नाव घ्यावं, तसं ते नाव घेत होते.

ओट्यावर ते खुर्चीत बसले होते. सदरा इस्त्रीचा. मुलगी बाजूला उभी होती आणि शेजारचे म्हणून दोन गृहस्थ होते. मला ते दोघं आवडले नाहीत. साक्षीला बसवलेत, मी मनात म्हणालो. मुलीच्या हातात मोबाइल होता, त्याचा कॅमेरा कुणीकडं आहे ते मी आधी पाहिलं.

"नमस्कार," मी म्हणालो. "कसे आहात तुम्ही?" त्यांना "तुम्ही" म्हणायची माझी ती पहिली वेळ.

"ऐकू कमी येतं. बाकी बरंय. आणलाय का?"

मी गुंडाळी सोडली. कागद ठिसूळ झाला आहे, मुलीनं चारही टोकांना वाट्या ठेवल्या. ते चष्मा लावून खाली वाकले. बोट कागदाला न लावता, वरून, त्यांनी रेघ शोधली. बारीक थरथर, मोठी, शेपटी. मग पुढची सहा-सात टोकं.

"हे मी," ते टोकांकडं दाखवून शेजाऱ्यांना म्हणाले. "आणि ही जमीन."

मला वाटलं, आता झालं. मी मान खाली घालून माफी मागायला सुरुवात केली, चार वाक्यं येताना एसटीत जुळवली होती. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मुलीला म्हणाले, "वही आण."

तीच दोनशे पानी वही. पान आधीच काढून ठेवलं होतं. ते वहीत बघत, मग कागदावरच्या मिनिटांच्या खुणा मोजत, परत वहीत बघत. पाच-सहा मिनिटं असं चाललं. मग म्हणाले, "माझ्या वहीत तीन बारा वीस. कागदावर तीन अकरा तीस. पन्नास सेकंदाचा फरक येतोय."

"एवढ्या वर्षांनी पन्नास सेकंद कशाला, बाबा," मुलगी म्हणाली.

"माझं मनगटी घड्याळ मी आठच्या ठोक्यावर लावलं होतं. घरी रेडिओ होता." ते माझ्याकडं वळले. "केंद्राचा रेडिओ त्या दिवशी लागलाच नाय. तुम्ही साडेसातच्या गाडीनं गेला होता. हे 'घड्याळ बरोबर' कुणी लिहिलं?"

मी केंद्रात नव्हतो हे सांगायची मी तयारी करून आलो होतो. या ओळीची केली नव्हती. ती मी विसरलो होतो, किंवा विसरलो असं ठरवलं होतं. तेहतीस वर्षं या माणसानं माझ्याविरुद्ध काय धरून ठेवलं असेल याची मी किती तऱ्हेनं धास्ती घेतली होती, आणि त्यांनी धरून ठेवले होते पन्नास सेकंद.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "खोटं आहे ते."

"मग दुरुस्त करा. मागच्या बाजूला नाय. हितं, जिथं सही केलीय तिथं."

काळ्या कागदाच्या कडेलाच तेवढी कोरी जागा होती. मी पेन मागितलं. तेहतीस वर्षांनी अक्षर जुन्या सहीशी जुळत नाही. मी लिहिलं की रेडिओ लावला नव्हता, घड्याळ पन्नास सेकंद मागं होतं, निरीक्षक हजर नव्हता, ही नोंद खऱ्या भूकंपाची आहे, मदतनीस सुई थांबल्यावर आत गेले, आणि त्यांच्याविरुद्धचा अहवाल मी हे सगळं दिसत असताना लिहिला. कागद धुऊन गेला नव्हता, मी घरी नेला होता. जागा अपुरी पडली, शेवटचं वाक्य वळवून उभं लिहावं लागलं.

"वाच," ते मुलीला म्हणाले. तिनं वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. पारावरचे चौघंही एव्हाना उठून आले होते आणि ओट्याखाली उभे होते. वाचून झाल्यावर ज्यानं मला वाट दाखवली होती तो म्हणाला, "म्हंजी खरा भूकंप्या ह्ये साहेब हायेत की!"

एक-दोघं हसले. ते हसले नाहीत. "ते नाव त्यांना देऊ नका," ते म्हणाले. "ते माझं हाये. लई वर्षं वापरलंय मी." मग कोणीच हसलं नाही. त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, "चुकलं, दादा."

मी कागद गुंडाळायला हात पुढं केला तर त्यांनी तो वाट्यांसकट आपल्याकडं ओढून घेतला. तो परत द्यायचा त्यांचा विचार नव्हता, आणि माझा मागायचा नव्हता. चहा आला. मी प्यालो. मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

निघण्यासाठी उठलो तेव्हा ते परत कागदावर वाकले होते. "थांबा," ते म्हणाले. "दुरुस्तीखाली सही केलीत, वेळ नाय टाकली."

मी मनगट वळवून घड्याळात पाहिलं.

"त्यात नका बघू," ते म्हणाले. "पोरीच्या मोबाइलवर बघा. तुमच्या घड्याळाचा मला भरवसा नाय."

मुलीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात पाहून मी लिहिलं: अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. ते वाट पाहत राहिले. मग मी सेकंदही लिहिले.